बायप्सीतला ‘मार्कर’: खूण की दर्शक?

प्रश्न आलाय तो असा: वडिलांच्या पिट्युटरी ग्रंथीतली (मेंदूच्या तळाशी असलेली हार्मोन बनवणारी ग्रंथी) गाठ काढली, रिपोर्टात ‘एसएफ-१ पॉझिटिव्ह, पिट-१ व टी-पिट निगेटिव्ह, की-६७ दोन टक्के’ असं आहे. घरी सांगताना ‘बायोमार्कर’ला, म्हणजे गाठीत तपासलेल्या या प्रथिनांना, मराठीत काय म्हणावं? आणि ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे वाईट का?

आधी ‘पॉझिटिव्ह’. कोविडपासून या शब्दानं पोटात गोळा येतो, पण इथे त्याचा अर्थ ‘रंग धरला’ एवढाच. गाठीच्या अतिपातळ कापावर अँटिबॉडी टाकतात. तिला हवं ते प्रथिन असेल तर ती चिकटते आणि तिथे बहुधा तपकिरी रंग उमटवता येतो. एसएफ-१, पिट-१ आणि टी-पिट ही तीन प्रथिनं पेशीच्या केंद्रकात असतात आणि पेशीचं कूळ सांगतात. पिट-१ हे वाढीचं हार्मोन, प्रोलॅक्टिन आणि थायरॉइडला चालना देणारं हार्मोन बनवणाऱ्या पेशींचं. टी-पिट हे एसीटीएच (अ‍ॅड्रिनल ग्रंथींना चालना देणारं हार्मोन) बनवणाऱ्यांचं. एसएफ-१ हे बीजांडकोश-वृषणांना चालना देणारी हार्मोन्स बनवणाऱ्यांचं. गाठ हार्मोन बनवत नसली तरी कूळ लपत नाही. पूर्वी फक्त हार्मोन तपासून ज्या गाठी ‘नल सेल’ (बिनकुळ्याच म्हणा ना!) ठरायच्या, त्यांतल्या बऱ्याच एसएफ-१च्या घरच्या निघाल्या. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ च्या वर्गीकरणात या कुळांनाच पाया मानलं.

म्हणून इथे ‘खूण’च शोभते. खूण पटते, खुणेवरून माणूस ओळखतात. ती चांगली-वाईट नसते. ‘जैवखूण’ चालेल, ‘जैवचिन्हक’ मात्र माझ्या जिभेवर बसत नाही.

की-६७ चं काम निराळं. हे प्रथिन विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशींत सापडतं, त्यामुळे ते कूळ सांगत नाही, गाठीच्या वाढीचा जोर सांगतं, तेही टक्क्यांत. त्याला ‘दर्शक’ म्हणावं. इंग्रजीनं दोघांना एकाच ‘मार्कर’मध्ये कोंबलंय, आपण का कोंबावं? (त्यातल्या ‘की’चा किल्लीशी संबंध नाही. ही अँटिबॉडी जर्मनीतल्या कील शहरात तयार झाली, त्या नावातला तो ‘की’.)

तेव्हा घरी असं सांगा: “गाठीच्या पेशींत एसएफ-१ ची खूण सापडली, बाकी दोन कुळांच्या खुणा नाहीत, आणि वाढीचा दर्शक दोन टक्के आहे.” त्या दोन टक्क्यांवरून पुढे काय करायचं, हे स्कॅन पाहून डॉक्टर ठरवतील.