इस्रायलमधले बेने इस्रायली (मूळचे कोकणातले यहुदी) मलिदा कसा करतात? कोकणातल्यासारखाच का?

हो, बराचसा तसाच. लग्न, बारसं, नवं घर, नवस फेडणं, अशा वेळी एलियाहू हनावीच्या (प्रेषित एलिया) नावाने मलिदा, म्हणजे गोड पोह्यांचा प्रसाद, करतात.

2 वाट्या जाडे पोहे चाळणीत धुऊन 10 मिनिटं निथळू द्या. पाण्यात भिजत ठेवलेत तर लगदा होतो. मग 1 वाटी ओलं खोबरं, अर्धी ते पाऊण वाटी साखर, वेलची, बेदाणे, पिस्त्याचे काप. साखर अगदी शेवटी. आधी घातली की पाणी सुटतं आणि ताटातली रास बसते. सुकं खोबरं वापरायचं असेल तर कोमट पाण्यात भिजवून घ्या, पण चव थोडी उतरतेच.

दूध-तूप अजिबात नको. नंतर मटणाचं जेवण असू शकतं, आणि यहुदी आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र चालत नाही. बेने इस्रायली स्वयंपाकात नारळाला एवढा मान आहे, त्यामागे हेही एक कारण आहे.

राशीभोवती पाच प्रकारची फळं (त्यात खजूर, केळं असतंच) आणि गुलाबाच्या पाकळ्या. प्रार्थना आणि आशीर्वाद हिब्रूत. ते झाल्यावरच वाटप.

भारतात आलात तर अलिबागजवळच्या खंडाळ्याला जा (घाटातलं नव्हे). एलियाहूच्या रथाच्या खुणा म्हणून दाखवतात तो खडक तिथेच आहे.