गोष्ट तोंडपाठ, तरी चारपैकी दीडच मार्क

चोपडा तालुक्यातली मुलगी. बारावी कला शाखा, दहावीपर्यंत मराठी माध्यम. सोबत आलेल्या आईचं म्हणणं एकच: "मॅडम, पोरगी रात्री बारापर्यंत इंग्रजी घेऊन बसते, तरी कादंबरीच्या प्रश्नाला चारपैकी दीड. आमचं इंग्रजीच कच्चं ना?"

वही पाहिली. सरावाचा प्रश्न होता: 'द साइन ऑफ फोर' या शेरलॉक होम्सच्या कादंबरीत खजिन्याची पेटी रिकामी निघते, तेव्हा होम्सचा मित्र डॉ. वॉटसनला हायसं का वाटतं? उत्तर साधारण 50 शब्दांत हवं होतं, तिने दीडशे लिहिले होते. मेरी मॉर्स्टन होम्सकडे आली, तिला सहा वर्षं दरसाल एक मोती येत होता, मग थेम्समध्ये बोटीचा पाठलाग... सगळं बरोबर. स्पेलिंगच्या चुका चारच. फक्त 'का'चं उत्तर कुठेच नव्हतं.

पेन बाजूला ठेवायला सांगून विचारलं, "आता अहिराणीत सांग, त्याला बरं का वाटलं?"

"त्याले खजिना नको व्हता, मेरी जोयजे व्हती." (जोयजे म्हणजे हवी.)

झालं की उत्तराचं पहिलं वाक्य! त्याचंच साधं इंग्रजी करायचं. मग दोन पुरावे. एक, पाय अधू आणि बँकेत खडखडाट असलेल्या लष्करी डॉक्टरने, म्हणजे वॉटसनने, खजिन्यामुळे श्रीमंत वारसदारीण होणाऱ्या मेरीला मागणी कशी घालावी, ही त्याची धास्ती. दुसरा, पेटी रिकामी दिसताच तिथल्या तिथे त्याने दिलेली प्रेमाची कबुली. शेवटी ते प्रश्नाशी जोडणारं एक वाक्य. चार वाक्यांत काम होतं.

तिच्या वहीत आणखी एक खूण होती: क्रियापदं सगळी भूतकाळी. 'वेंट', 'सॉ', 'टोल्ड' लिहू लागलं की हात आपोआप गोष्ट सांगत सुटतो. साहित्यावर लिहिताना वर्तमानकाळ ठेवावा. 'वॉटसन फील्स', 'धिस शोज' असं लिहिलं की पुढे कारण द्यावंच लागतं. गाइडमधली उत्तरं पाठ करणं तर आधी थांबवलं. प्रश्नातला एक शब्द बदलला की ती कोसळतात.

कवितेच्या रसग्रहणात वेगळा घोळ. 'अलिटरेशन (अनुप्रास) आहे, सिमिली (उपमा) आहे' एवढ्यावर ती थांबते. अलंकार एकच घ्यावा, पण ओळ उद्धृत करून त्याने कवितेत काय साधलं ते लिहावं.

वेळेचं गणित सोपं: 80 मार्कांना 180 मिनिटं, म्हणजे चार मार्कांच्या उत्तराला 9. त्यातली पहिली दोन प्रश्नातला 'का', 'कसं' अधोरेखित करून कच्चं वाक्य मनात जुळवायला, मग ते अहिराणीत असलं तरी चालेल. रोज एकच प्रश्न, घड्याळ लावून.

तिसऱ्या भेटीत आणलेलं उत्तर 58 शब्दांचं होतं, कॉलेजच्या सरांनी तीन मार्क दिलेले. कवितेत अजून अलंकारांची यादीच येते. तिथे काम चालू आहे.