बुद्ध्यांकाचा आकडा कसा वाचायचा?

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलीचा बुद्ध्यांक १०८ आला. हा आकडा शंभराच्या वर कसा जाऊ शकतो?

उत्तर : हे परीक्षेतले गुण नव्हेत, त्यामुळे इथे ‘पैकी’ काही नसतं. तुलना तिच्याच वयाच्या मुलांशी केलेली असते आणि त्यांची सरासरी १०० धरतात. वेक्सलर या प्रचलित बुद्धिचाचण्यांत प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती पसरलेत याचं माप) १५ असतं, म्हणून साधारण ६८ टक्के मुलं ८५ ते ११५ च्या मध्ये येतात. १०८ म्हणजे शंभर समवयस्कांपैकी सुमारे सत्तर जण तिच्या मागे. पूर्वी मानसिक वयाला (साधारण कोणत्या वयाच्या मुलांइतकं जमतं, त्या वयाला) खऱ्या वयाने भागून शंभराने गुणत. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांनी हा भागाकार १९१२ मध्ये सुचवला. मोठ्यांच्या बाबतीत तो हास्यास्पद ठरतो. चाळिशीच्या माणसाचं मानसिक वय साठ आलं, तर ते कौतुक समजायचं की काय?

प्रश्न : भाच्याचा बुद्ध्यांक गेल्या वर्षी ११२ होता, यंदा दुसऱ्या चाचणीत १०६. बुद्धी कमी झाली का?

उत्तर : नाही. चांगल्या अहवालात आकड्याशेजारी एक पट्टा दिलेला असतो, उदाहरणार्थ १०६ च्या शेजारी १०१ ते १११. खरा गुण त्या पट्ट्यात कुठेतरी असण्याची शक्यता मोठी, एवढाच त्याचा अर्थ. ११२ च्या शेजारीही असाच पट्टा असतो आणि दोन्ही पट्टे एकमेकांवर येतात. अपुरी झोप, सर्दी, परीक्षकाची भीती एवढ्यानेही आकडा हलतो. शिवाय चाचण्या वेगळ्या असतील, तर त्यांची मानकं, म्हणजे तुलनेसाठी आधी तपासलेल्या मुलांचे गुण, कोणत्या वर्षीची ते विचारा. विसाव्या शतकात अनेक देशांत सरासरी गुण दर दशकाला तीनेक अंकांनी वाढत गेले; याला फ्लिन परिणाम म्हणतात. त्यामुळे जुन्या मानकांवर तोच मुलगा जास्त हुशार दिसतो.

प्रश्न : मोबाइलवरच्या चाचणीत मला १४८ मिळाले!

उत्तर : अभिनंदन, पण कोणत्या मापावर? कॅटेल या दुसऱ्या एका चाचणीच्या मापावर प्रमाण विचलन २४ असतं. तिथले १४८ म्हणजे वेक्सलरचे १३०; दोन्ही शंभराच्या दोन प्रमाण विचलनं वर. आणि मोबाइलवरच्या चाचणीने मानकं कोणावरून काढली, हे बहुधा कुणीच सांगत नाही.

प्रश्न : मुलाचा एकूण बुद्ध्यांक ९५. शाब्दिक आकलन १२१, प्रक्रियेचा वेग ७६. शिक्षक ‘सर्वसाधारण’ म्हणतात.

उत्तर : इथे ९५ हा आकडा जवळजवळ निरुपयोगी आहे. शब्दांत तुमचा मुलगा शंभरातल्या ९२ जणांच्या पुढे आहे आणि वेगात, म्हणजे सोपी कामं झटपट उरकण्यात, शंभरातले पाच-सहाच त्याच्या मागे. त्यांची गोळाबेरीज केली की दोन्ही गोष्टी झाकल्या जातात. वर्गात तो तोंडी भराभर उत्तरं देत असेल आणि वही अर्धी राहत असेल, असा माझा अंदाज. वेग मंद असण्याची कारणं बरीच : डोळे, हाताचं वळण, लक्ष, किंवा चूक होईल या धास्तीने दोनदा तपासण्याची सवय. फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसला पहिली चाचणी केली ती कोणत्या मुलाला मदत लागेल हे शोधायला, शिक्का मारायला नव्हे. आधी डोळे तपासून घ्या. मग अहवालातलं घटकवार गुणांचं पान शिक्षकांना दाखवा आणि लेखी परीक्षेत जादा वेळ मिळेल का, ते विचारा.