शाळा हवीच, पण तास असा नको

प्रश्न : सगळं मोबाइलवर शिकता येतं, मग रोज सहा तास बाकावर कशाला बसायचं, असं नववीतली मुलगी विचारते. माध्यमिक शाळेची जुनी पद्धत खरंच निकामी झाली आहे का?

उत्तर : शाळा निकामी झालेली नाही. प्रयोगशाळा, चुकलं की तिथेच टोकणारे शिक्षक, वाद घालायला सोबती, हे मोबाइल देत नाही. निकामी आहे ती एक प्रकरण एकदा शिकवायचं, चाचणी घ्यायची आणि पुढे सरकायचं ही रीत. (ती पूर्वीही फारशी कामाची नव्हतीच.)

पाठ केलेलं किती वेगाने निसटतं हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली मांडलं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र लिहिणारे. मुलं फसतात ती इथेच. वाचून झाल्याझाल्या सगळं येतंय असं वाटतं. व्हिडिओ बघूनही तसंच वाटतं.

म्हणून तासाची पहिली पाच मिनिटं पुस्तकं बंद. फळ्यावर तीनच प्रश्न : एक कालचा, एक गेल्या आठवड्यातला, एक महिन्यापूर्वीचा. तीन मिनिटं लिहायचं, दोन मिनिटांत ज्याने त्याने आपलं तपासायचं. गुण द्यायचे नाहीत. गुण आले की शेजारच्या वहीत डोकावणं आलं, आणि मग कोणाचं काय कच्चं आहे ते शिक्षकांना कळतच नाही. तपासणी मात्र टाळू नका, नाहीतर चूकच पक्की होते.

गणितात आणखी एक गफलत असते. ५ मीटरची शिडी भिंतीला टेकली आहे, तिचा पाय भिंतीपासून ३ मीटरवर आहे; वरचं टोक किती उंचीवर? पायथागोरसच्या प्रकरणाखाली हे उदाहरण आलं की काय वापरायचं ते शीर्षकच सांगून टाकतं. मुलगी वर्ग करते, वजा करते, ४ लिहिते. निवड करायची वेळच येत नाही, आणि परीक्षेत नेमकी तीच येते. स्वाध्यायातली निम्मी उदाहरणं मागच्या प्रकरणांतली घाला. सुरुवातीला चुका वाढतील, पालकांच्या तक्रारीही येतील. तेवढ्याने पंधरा दिवसांत प्रयोग गुंडाळू नका.

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा. रात्री झोपत नाही, सकाळच्या शाळेत पेंगतो. आळसच ना?

उत्तर : बहुतेकदा नाही. वयात येताना झोपेचं घड्याळ दोन तासांपर्यंत पुढे सरकतं, आणि या वयात ८ ते १० तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली शाळा साडेआठच्या आधी भरवू नका असं सुचवलं. वेळ बदलणं शाळेच्या हातात नसेल, तर निदान पहिला तास गणिताचा नको. खेळ किंवा कार्यशाळा ठेवा. घरी झोपायच्या तासभर आधी फोन खोलीबाहेर, आणि सुटीच्या दिवशी दुपारपर्यंत लोळणं बंद. नाहीतर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून.