इंदूरजवळ लेयर (अंड्यांच्या कोंबड्यांचं) फार्म आहे, फीडमध्ये फायटेज एन्झाइम घातलं तर डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट, फॉस्फरससाठी घालतात ते) पूर्ण बंद करता येईल का?

पूर्ण बंद नका करू, पण बरंच कमी नक्की करता येतं. आपल्याकडची मका आणि सोया डीओसी (तेल काढलेली पेंड) यातला साधारण दोन तृतीयांश फॉस्फरस फायटेट या संयुगात अडकलेला असतो, कोंबडीच्या पोटात तो सोडवणारं एन्झाइम, म्हणजे फायटेज, पुरेसं बनत नाही म्हणून तो सरळ विष्ठेत जातो आणि आपण वरून महागडं डीसीपी ओतत बसतो. मी फीड मिलमध्ये फॉर्म्युलेशनच बघतो, आमचा हिशोब असा की किलो फीडला ५०० एफटीयू (फायटेजच्या ताकदीचं एकक) डोस असेल तर टनामागे ५ किलोच्या आसपास डीसीपी कमी करायचं, बाकी राहू द्यायचं.

पाकिटावर फायटेजचा सोर्स वाचा. अ‍ॅस्परजिलस नायजर या बुरशीचं जुनं, १९९१ पासून बाजारात आहे, पण ई. कोलाय या जिवाणूचं जठराच्या आम्लात जास्त चांगलं टिकतं, मी तेच घेईन.

आता मुख्य गोष्ट, लेयरच्या फीडमध्ये कॅल्शियम ४ टक्क्यांच्या आसपास असतं आणि बारीक एलएसपी (चुनखडीची पूड) लवकर विरघळून फायटेटला धरून बसतं, मग एन्झाइमचं काम अर्धवट होतं, म्हणून निदान अर्धं कॅल्शियम जाड ग्रिटमधून (चुनखडीच्या खड्यांतून) द्या. मॅश (भरडलेलं सुटं फीड) देत असाल तर उष्णतेची काळजी नाही, पेलेट (वाफेवर दाबून केलेल्या गोळ्या) करत असाल तर मात्र कोटेड किंवा उष्णता सहन करणारंच घ्या, साधं ८० अंशाच्या वर मरतं.

आणि घरी गाई-म्हशी असतील तर त्यांना हे नको, त्यांच्या पोटातले जंतू स्वतःच फायटेज बनवतात.