फॅरनहाइटच्या सूत्रातून सेल्सिअस एकटा कसा काढायचा?

प्रश्न: ताई, पोरगी नववीत आहे, फ = ९स/५ + ३२ यातून स काढताना ९ पलीकडे नेला की उणे ९ करते. बाजू बदलली की चिन्ह बदलतं ना, मग हे काहून चुकतं?
– एक आई, नागपूर

उत्तर: अहो, पलीकडे काही जात नाही, दोन्ही बाजूंना एकच क्रिया करतो आपण, अन् हे तिला नक्की सांगा. ३२ मिळवलेले आहेत म्हणून आधी दोन्हीकडून ३२ वजा, ९ ने गुणलंय म्हणून भागायचं, ५ ने भागलंय म्हणून गुणायचं. स = ५(फ − ३२)/९, कंस विसरू नका, तिथेच जास्त मुलं घसरतात. आपल्या मे महिन्यातले ११३ फॅरनहाइट टाकून बघा: ८१ गुणिले ५, भागिले ९, बरोबर ४५.