भाकरीच खातो, तरी पोट दुखतं

प्रश्न : माझ्या ९ वर्षांच्या मुलाला सिलिअ‍ॅक, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, असल्याचं ८ महिन्यांपूर्वी कळलं. तेव्हापासून त्याला गहू, मैदा, रवा पूर्ण बंद. शाळूची भाकरी आणि भात, एवढंच खातो. तरी पोट दुखतं. या आजारासाठी रक्त तपासतात, त्यातला टीटीजीचा आकडाही म्हणावा तसा उतरला नाही. ज्वारीत, तांदळातही ग्लुटेन असतं का, ताई?
– एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : नसतं. बाजरी-नाचणीतही नसतं. पण दळण कुठून आणता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझा संशय तिथंच आहे.

माझ्या लेकीच्या वेळी मीही फसले. मालदांडी निवडून, पाखडून गिरणीत न्यायची. ‘ज्वारीची चक्की वेगळीच आहे, काकू,’ असं गिरणीवाले सांगायचे, आणि ते खरंही होतं. एक दिवस डबा भरेपर्यंत तिथंच उभी राहिले. दळून झाल्यावर त्यांनी कोपऱ्यातला ब्रश घेतला, चक्कीच्या कडेला सांडलेलं पीठ झाडून माझ्या डब्यात लोटलं. माप कमी भरू नये म्हणून! मग तोच ब्रश घेऊन शेजारच्या गव्हाच्या चक्कीकडे वळले. भल्या माणसाला काय बोलणार?

दाण्यात गहू आला तर निवडताना दिसतो, पिठात गेला की संपलं. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन लागतं. त्या ब्रशला किती चिकटलं असेल, तुम्हीच बघा.

म्हणून तांदळाचं पीठही सुटं आणू नका. दुकानात मैद्याचं आणि त्याचं माप बहुधा एकच असतं. तांदूळ आणा, ताटात निवडा, धुऊन वाळवा आणि घरीच दळा. घरघंटी घेतलीत तर नवीच घ्या, जुन्या घंटीच्या जाळीत आधीच्यांचा गहू बसलेला असतो. आणि एकदा घेतल्यावर तिच्यात गहू घालायचा नाही, पाहुणे आले तरी.

त्याची चाळणी, काठवट, तवा वेगळा ठेवा. तवा तापला म्हणून ग्लुटेन जळून जात नाही. स्टीलची भांडी मात्र नीट घासली की चालतात, उगाच दुसरा संसार मांडू नका. धपाट्यात आणि भाजणीत बऱ्याच घरी गहू असतोच, तेव्हा शेजारून आलेलं विचारल्याशिवाय देऊ नका.

आकडा उतरायला कधी कधी वर्षाच्या वरही लागतं. पोटदुखीचं मात्र डॉक्टरांना आत्ताच सांगा.

अन् हो, फोडणीतला हिंग! डबीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बांधणी हिंगात, म्हणजे पीठ-डिंक मिसळलेल्या हिंगात, बहुतेक वेळा मैदा असतो.